प्रवासात पाकीट गेले तर नोंद कोठे करावी, ओळख कशी मिळवावी?

आखाडा बाळापूर - नांदेडहून निघालेली हिंगोलीची एस. टी. अर्धापूर आणि वारंगा फाटा मागे टाकून आखाडा बाळापूरला येते व पुढे कळमनुरीमार्गे हिंगोली गाठते. वारंगा फाट्यावर यवतमाळ-नागपूरकडचा रस्ता येऊन मिळतो. त्यामुळे या टापूत गाडी बदलणाऱ्यांची वर्दळ बारमाही असते. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचे दर्शन आटोपून औंढा नागनाथाकडे निघालेले भाविक, हळद किंवा सोयाबीन विकून पैसे खिशात घेऊन परतणारे शेतकरी, नांदेडच्या दवाखान्याची फेरी करून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक याच गाड्यांत असतात. यांपैकी एखाद्याचे पाकीट गेले, तर ते त्याला कळते ते बहुधा उतरल्यावर, चहाचे किंवा रिक्षाचे पैसे देण्यासाठी खिशात हात घातल्यावर. गाडी तोवर धूळ उडवीत कळमनुरीच्या रस्त्याला लागलेली असते.

पाकीट नेमके कोठे गेले, हा पहिला प्रश्न येथेच उभा राहतो आणि त्याचे उत्तर प्रवाशाजवळ नसते. नांदेडच्या स्थानकात रेटारेटी करून चढताना, अर्धापूरला खिडकीतून केळी घेताना, की वारंगा फाट्यावरच्या गर्दीत? पहिली दोन ठिकाणे नांदेड जिल्ह्यातील, तिसरे हिंगोली जिल्ह्यातील. अशा वेळी 'जेथे गेले तेथे जाऊन तक्रार द्या' असे उत्तर ऐकण्याची प्रवाशांची तयारी असते. किंबहुना पुष्कळ जण तसे गृहीत धरून ठाण्याची पायरीच चढत नाहीत. आणि नोंद झाली नाही, तर पुढची सारी कामे अडून बसतात.

कायद्यात मात्र या अडचणीवर उपाय फार जुना आहे. प्रवासात घडलेल्या गुन्ह्याची चौकशी व सुनावणी, ती व्यक्ती अथवा ती वस्तू प्रवासात ज्या ज्या हद्दीतून गेली त्यांपैकी कोणत्याही हद्दीतील न्यायालयात होऊ शकते, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १८३ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि हीच तरतूद आता कलम २०३ मध्ये आहे. म्हणजे वरील प्रवाशाला नांदेडला परतण्याचे कारण नाही. आखाडा बाळापूर पोलीस ठाण्यातही त्याची तक्रार चालते. याच संहितेच्या कलम १७३ ने आणखी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली. दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. 'झिरो एफआयआर' या नावाने लोक जिला ओळखतात ती हीच पद्धत. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

अर्ज लिहिताना एका स्थानिक बाबीकडे लक्ष द्यावे. 'बाळापूर' एवढेच लिहू नये. अकोला जिल्ह्यात बाळापूर नावाचे तालुक्याचे गाव आहे, आणि दूरध्वनीवरून तक्रार घेणाऱ्या बँकेच्या किंवा रेल्वेच्या कर्मचाऱ्याला ही दोन्ही गावे सारखीच अपरिचित असतात. 'आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली' असे पूर्ण लिहिले व बोलले, तर कागद भलत्या जिल्ह्यात जाण्याचे टळते. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. जुन्या कागदपत्रांवर अजून परभणीचाच पत्ता असलेली माणसे या भागात भेटतात. त्यांनी तक्रारीत दोन्ही उल्लेख करावेत.

'गहाळ' की 'चोरी'?

ठाण्यात गेल्यावर सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो एक शब्द. पाकीट 'गहाळ झाले' असे लिहिले, तर ठाण्यात केवळ वस्तू हरवल्याची नोंद होते आणि तसा दाखला मिळतो. 'चोरीला गेले' असे लिहिले, तर तो गुन्हा होतो आणि त्याची वाट वेगळी आहे. दुबार कागदपत्रांसाठी बहुतेक ठिकाणी गहाळ नोंद पुरते आणि ती लवकर मिळते, त्यामुळे ठाणे अंमलदार अनेकदा तिचाच सल्ला देतात. घाईत असलेला प्रवासीही तो मानतो. पाकीट खरोखरच कोठे पडले असेल, तर यात गैर काही नाही. परंतु खिसा ब्लेडने कापलेला असताना 'गहाळ' लिहून देणे म्हणजे तपासाचा हक्क आपल्याच हाताने सोडून देणे होय. उद्या त्याच पाकिटातील कार्डावर कोणी पैसे उचलले किंवा आधार-पॅनच्या प्रतीवर कर्ज काढले, तर 'माझे पाकीट चोरीला गेले होते' हे म्हणणे आपल्याच सहीच्या कागदाशी विसंगत ठरते.

यात एक मेख आहे आणि ती नव्या कायद्याने आणलेली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली, चोरीला गेलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने माल परत केला, तर शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली जाते. अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस फक्त नोंद घेतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. आता सामान्य प्रवाशाच्या पाकिटात असते किती? हजार-दीड हजार रुपये, फार तर तीन हजार. बाकी सारी कार्डे. कार्डांची बाजारात किंमत शून्य आणि ती हरवल्यावर होणारे नुकसान मात्र मोजता न येणारे. कायदा करणाऱ्यांनी खिशातील नोटा मोजल्या, ओळखपत्रे मोजली नाहीत, असेच म्हणावे लागते.

मात्र हीच संहिता पुढच्या एका कलमात प्रवाशाच्या मदतीला येते. प्रवासी अथवा माल वाहून नेणाऱ्या वाहनातून एखादी वस्तू चोरणे हा कलम ३०५ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेथे पाच हजारांची अट नाही. टोळीने केलेली पाकीटमारी कलम ११२ मधील किरकोळ संघटित गुन्हेगारीत मोडते. म्हणूनच तक्रारीत पाकीट धावत्या गाडीत गेले, की स्थानकाच्या आवारात चढताना गेले, आसपास धक्काबुक्की करणारे किती जण होते, हे आठवेल तितके नेमके लिहिणे अगत्याचे आहे. तिकीट खिशात उरले असेल तर ते जपून ठेवावे, कारण गाडी आणि वेळ दोन्हींचा तोच पुरावा असतो.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ठरवलेले आहे. तरीही ठाण्यात नकार मिळाला, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तेथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पाठवलेल्या पत्राची नोंदणी-पावती जपावी.

पहिला अर्धा तास

ठाण्यात जाण्याआधी, किंवा ठाण्याकडे चालत असतानाच, करण्याचे काम म्हणजे बँकेची कार्डे बंद करणे. येथे गंमत अशी, की कार्ड हरवल्यास कोणत्या क्रमांकावर दूरध्वनी करावा, हे त्या कार्डाच्याच पाठीवर छापलेले असते! तो क्रमांक घरी कोणाकडे तरी लिहून ठेवलेला असावा किंवा मोबाइलमध्ये साठवलेला असावा. ज्यांच्या मोबाइलमध्ये बँकेचे ॲप आहे त्यांना त्यातूनही कार्ड तात्काळ बंद करता येते.

घाई कशासाठी, हे समजून घेतले पाहिजे. 'पिन माझ्या डोक्यात आहे, चोराच्या हाती कार्ड लागून उपयोग काय' या समजुतीत अनेक जण निर्धास्त असतात. ही समजूत आता खरी राहिलेली नाही. यंत्रावर नुसते टेकवून चालणाऱ्या कार्डांवर पिनशिवाय एका वेळी दोन हजार रुपयांपर्यंत व्यवहार होत असे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा पाच हजार रुपये केली. नांदेडच्या एखाद्या दुकानात असे दोन-तीन व्यवहार करण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. कार्डाची ही सुविधा ॲपमधून बंद करून ठेवण्याची सोय बँकांनी दिलीच पाहिजे, असेही रिझर्व्ह बँकेचे २०२० सालचे फर्मान आहे. ज्यांना तिचा रोज उपयोग नाही त्यांनी ती बंद ठेवणे बरे.

अनधिकृत व्यवहारांचा भार कोणी सोसावा, याचे दंडक रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले. त्यातील ग्राहकाने लक्षात ठेवण्याचा भाग एवढाच, की बँकेला कळवल्यानंतर झालेल्या व्यवहारांचे नुकसान बँकेने सोसायचे आहे. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान मात्र त्याच्या माथी येते. पिन क्रमांक चिठ्ठीवर लिहून त्याच पाकिटात ठेवणे हा निष्काळजीपणाच होय, आणि अशा चिठ्ठ्या वयस्कर मंडळींच्या पाकिटांत हमखास सापडतात. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ बँकेकडून मागून घ्यावी, कारण पुढील सगळा वाद त्या वेळेभोवतीच फिरतो. खात्यातून पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावरही लगेच कळवावे.

घरी पोहोचायचे कसे?

खिशात दमडी नाही आणि गाव अनोळखी, अशा प्रवाशाजवळ मोबाइल शिल्लक असेल, तर त्याची निम्मी अडचण दूर झाली असे समजावे. घरून पैसे मागवून दुकानदाराला किंवा रिक्षावाल्याला परस्पर देता येतात. मोबाइलही गेला असेल, तरी एक वाट उरते आणि शहरी वाचकांना ती फारशी ठाऊक नसते. आखाडा बाळापूरसारख्या बाजाराच्या गावांत बँकांची ग्राहक सेवा केंद्रे असतात. खाते आधारशी जोडलेले असेल, तर बँकेचे नाव आणि बारा आकडी आधार क्रमांक सांगून बोटाच्या ठशावर तेथे पैसे काढता येतात. कार्ड लागत नाही, पासबुक लागत नाही. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टातही ही सोय आहे. खेड्यातील निराधार योजनेचा लाभार्थी 'अंगठा लावून' दर महिन्याला हेच करतो. अट एकच, आधार क्रमांक तोंडपाठ हवा. सुरक्षिततेसाठी ज्यांनी आपले बोटांचे ठसे आधारच्या यंत्रणेत कुलूपबंद करून ठेवले आहेत, त्यांना हा मार्ग मिळत नाही. एका बाजूने सावधगिरी, दुसऱ्या बाजूने अडचण. ज्याने त्याने आपल्या प्रवासाचे स्वरूप पाहून ठरवावे.

एस. टी. महामंडळाने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवासाची सवलत दिली. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे लागते. या सवलतीसाठी वाहकाला वयाचा पुरावा दाखवावा लागतो. पाकिटासोबत आधार कार्ड गेलेल्या आजोबांना त्यामुळे नेमके पैसे नसतानाच पूर्ण तिकीट काढण्याची पाळी येते. मोबाइलवरील डिजिलॉकर किंवा एम-आधार वाहकाला दाखवता येते, परंतु हे त्या वयाच्या किती प्रवाशांना जमते? बरोबरच्या नातवाच्या मोबाइलवर आजोबांचे आधार आधीच उतरवून ठेवणे हा त्यातल्या त्यात व्यवहार्य उपाय दिसतो. पाकीट गाडीतच पडले असण्याचा संभव असेल, तर जवळच्या स्थानकातील वाहतूक नियंत्रकाला गाडीची वेळ आणि मार्ग सांगावा. तो पुढच्या स्थानकाला कळवू शकतो. हिंगोली आणि कळमनुरी येथे आगार आहेत. गाडी नांदेडच्या आगाराची असेल, तर चौकशी तेथे करावी लागेल, हे ध्यानात ठेवावे.

रेल्वेचा प्रवास अधिक काटेकोर. बाळापूर परिसरातील माणूस मुंबईला निघतो तो बहुधा नांदेडहून किंवा हिंगोलीहून, आणि त्याचे तिकीट बहुधा ई-तिकीट असते. ई-तिकिटावर प्रवास करणाऱ्यांपैकी एकाजवळ तरी मूळ ओळखपत्र असावे लागते. नसेल तर तो विनातिकीट प्रवास समजून भाडे अधिक दंड वसूल होतो. रेल्वेने जुलै २०१८ मध्ये डिजिलॉकरमधील आधार आणि वाहन परवाना ग्राह्य मानला. मात्र डिजिलॉकरमध्ये शासनाच्या खात्याने पाठवलेली कागदपत्रे चालतात. आपणच छायाचित्र काढून त्यात चढवलेली चालत नाहीत. मोबाइलच्या गॅलरीतील फोटोला तर काहीच किंमत नाही. वाहतूक पोलिसांसमोरही हाच फरक आडवा येतो. खिडकीवर काढलेले कागदी आरक्षण तिकीट पाकिटासोबत गेले असेल आणि ते निश्चित आरक्षणाचे असेल, तर दुबार तिकीट मिळते: तक्ता तयार होण्याआधी किरकोळ शुल्कात, तक्ता झाल्यावर निम्मे भाडे भरून. प्रतीक्षायादीतील तिकिटाचे दुबार मिळत नाही.

धावत्या रेल्वेत चोरी झाली, तर गाडी सोडून उतरण्याचे कारण नाही. तक्रारीचे अर्ज तिकीट तपासनीस, गार्ड किंवा गाडीबरोबरच्या सुरक्षा दलाकडे असतात; भरून दिलेला अर्ज पुढच्या स्थानकातील लोहमार्ग पोलिसांकडे जातो. मदतीसाठी १३९ हा क्रमांक आहे. पूर्वीचा १८२ हा सुरक्षा क्रमांक २०२१ मध्ये त्यातच विलीन झाला. चोरीची भरपाई रेल्वेकडून मिळेल, ही आशा मात्र धरू नये. २००५ साली काशी विश्वनाथ एक्स्प्रेसमध्ये एका कापड व्यापाऱ्याच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यातून एक लाख रुपये गेले. ग्राहक मंचांनी भरपाईचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये तो रद्द केला. स्वतःजवळचा ऐवज प्रवाशाला सांभाळता आला नाही, तर ती रेल्वेच्या सेवेतील त्रुटी म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. अठरा वर्षे चाललेला दावा असा संपला. मराठवाड्यात आजही बाजाराला जाणारे कित्येक जण पैसे कमरेलाच बांधतात, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले.

एकमेकांवर अवलंबून असलेले कागद

घरी पोहोचल्यावर दुबार कागदपत्रांचे काम सुरू होते. येथे पहिल्यांदा मोबाइल क्रमांक परत मिळवावा; मग आधार; मग बाकी सर्व. हा क्रम उलटा केला, की हेलपाटे सुरू होतात. कारण आधार पुन्हा उतरवून घेण्यासाठी नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी यावा लागतो, आणि पॅन, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र यांची बहुतेक कामे आधारच्या ओटीपीने सोपी होतात. म्हणजे साऱ्यांचे मूळ एका सिमकार्डात. सिमकार्ड दुबार घेताना पुन्हा ओळख मागितली जाते. हे चक्र आधार नोंदणी केंद्रात तुटते. तेथे ठशांची पडताळणी करून आधारची छापील प्रत मिळू शकते. दुबार सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर लघुसंदेश येत-जात नाहीत, ही दूरसंचार विभागाने फसवणूक टाळण्यासाठी केलेली व्यवस्था आहे. त्या दिवशी ओटीपी आला नाही म्हणून घाबरून जाऊ नये, आणि महत्त्वाचे काम त्या दिवसावर ढकलू नये.

ज्यांच्या आधारला मोबाइल जोडलेलाच नाही, किंवा जोडलेला क्रमांक कधीच बंद पडलेला आहे, त्यांची परवड सर्वांत जास्त. गावाकडे अनेकांच्या आधारला नोंदणीच्या वेळी हाताशी असलेला, बहुधा पुतण्याचा नाही तर शेजाऱ्याचा क्रमांक दिलेला असतो. हे पाकीट हरवण्यापूर्वीच तपासून घेण्याजोगे आहे. आधारचा मदत क्रमांक १९४७ आहे. स्वातंत्र्याचे साल म्हणून तो सहज लक्षात राहतो.

बाकीची कागदपत्रे तुलनेने सोपी. पॅनचा क्रमांक बदलत नाही, केवळ कार्ड पुन्हा छापून येते. मतदार ओळखपत्रासाठी अर्ज क्रमांक ८ भरावा लागतो. २५ जानेवारी २०२१ पासून त्याची डिजिटल प्रत उतरवून घेण्याची सोयही सुरू झाली. वाहन परवान्याचा अर्ज 'सारथी' संकेतस्थळावर होतो. हिंगोलीकरांचे परिवहन कार्यालय, म्हणजे एमएच ३८, जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे.

हरवलेल्या कागदांचा गैरवापर लगेच होतो असे नाही. तो सहा महिन्यांनीही उघडकीस येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या सेवेवर पाहता येते. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावरून हरवलेला मोबाइल संचही देशभर बंद करता येतो. त्यासाठी पोलिसांतील तक्रारीची प्रत लागते. आपल्या नावावर कोणी कर्ज उचलले काय, हे पत अहवालात दिसते आणि प्रत्येक पत माहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. पाकीट गेल्यानंतर वर्षभर तरी ही चौकशी अधूनमधून करीत राहावी.

सापडणाऱ्याची बाजू

पाकीट परत मिळते काय? मिळते, आणि लोक समजतात त्याहून अधिक वेळा. 'रीडर्स डायजेस्ट'ने २०१३ मध्ये जगातील १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटे मुद्दाम टाकून पाहिली. मुंबईत त्यांपैकी ९ परत आली आणि मुंबई हेलसिंकीच्या खालोखाल दुसरी ठरली. पाकिटांत रोख रकमेसोबत मालकाचा मोबाइल क्रमांक ठेवला होता, हे विसरू नये. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून मोठा होता. ४० देशांतील ३५५ शहरांत १७ हजारांवर पाकिटे 'रस्त्यात सापडली' असे सांगून बँका, पोस्ट, हॉटेले अशा ठिकाणी देण्यात आली. बिनपैशांच्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्के पाकिटांच्या मालकांशी संपर्क साधला गेला. पैसे असलेल्या पाकिटांत हे प्रमाण ५१ टक्के निघाले. अर्थतज्ज्ञांचा अंदाज याच्या उलट होता. पाकिटात एक चिठ्ठी, तिच्यावर घरातील दुसऱ्या माणसाचा मोबाइल क्रमांक, एवढी तजवीज करण्यास खर्च काहीच नाही. क्रमांक स्वतःचा लिहू नये. तो मोबाइलही त्याच खिशातून गेलेला असू शकतो.

सापडलेली वस्तू मालकाला देण्यासाठी उचलणे हा गुन्हा नव्हे. मालक ठाऊक असताना, किंवा शोधण्याचा रास्त प्रयत्न न करता, ती वापरणे हा गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली त्याला किमान सहा महिने आणि दोन वर्षांपर्यंत कैद आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सापडलेल्या मालाची काळजी घेणे ही सापडणाऱ्याची जबाबदारी ठरते आणि मालकाने बक्षीस जाहीर केले असेल, तर ते मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवण्याचा हक्कही त्याला आहे.

पोलिसांकडील नोंद किती काळ कामाला येते, याचे एक उदाहरण लोहमार्ग पोलिसांचेच आहे. पनवेलच्या एका प्रवाशाचे पाकीट २००६ साली मुंबई-पनवेल लोकलमध्ये गेले. चौदा वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, ते सापडल्याचे पोलिसांनी त्याला कळवले. टाळेबंदीमुळे त्याला वाशीला जाऊन ते घेण्यास ऑगस्ट उजाडला. आत ९०० रुपये होते, त्यांतील पाचशेची नोट २०१६ च्या नोटाबंदीत बाद झालेली. मुद्रांक कागदाचे शंभर रुपये वजा करून तीनशे रुपये त्याच्या हातावर ठेवण्यात आले आणि पाचशेची नोट बदलून आल्यावर देण्याचे ठरले. चौदा वर्षांपूर्वीची तक्रार नसती, तर ते पाकीट कोणाचे हे सांगणारे कोणी राहिले नसते.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

पासपोर्टचे नियम या सर्वांहून कडक आहेत. परदेशात तो हरवल्यास तेथील पोलिसांत तक्रार देऊन भारतीय वकिलातीत जावे लागते. परतीचा प्रवास तातडीचा असेल, तर वकिलात एकाच प्रवासापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देते. नव्या पासपोर्टला वेळ लागतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी निघालेल्या आईवडिलांनी पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानांची आणि व्हिसाची प्रत वेगळ्या पिशवीत ठेवावी आणि एक प्रत घरी ठेवून जावे.

देशात पासपोर्ट हरवला, तर पोलीस तक्रारीची प्रत जोडून नव्याने अर्ज करावा लागतो. घरात नीट शोध घेतल्यावाचून ही तक्रार करू नये. एकदा हरवल्याचे कळवले, की तो पासपोर्ट रद्द होतो आणि त्याचा क्रमांक यंत्रणेत हरवलेला म्हणून नोंदला जातो. आठ दिवसांनी तो कपाटातील शालीच्या घडीत सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही; विमानतळावर अडवले जाते. असा सापडलेला पासपोर्ट जवळ न ठेवता पासपोर्ट कार्यालयात जमा करायचा असतो.